तुम्ही विचारलंत म्हणून: आधी बायको, मग नवरा

मी एस्पेरांतो शिकते म्हटलं की हमखास विचारतात, "एका माणसाने बसून बनवलेली भाषा ना ती? मग तिच्या शब्दांना कसली आलीय व्युत्पत्ती?" परवा तुम्हीही तेच विचारलंत. म्हणून माझा सगळ्यात लाडका शब्द सांगते: एद्झो, म्हणजे नवरा. त्यातला 'द्झ' म्हणजे आपला 'जाड'मधला ज. मराठी माणसाला तो वेगळा शिकावा लागत नाही.

या भाषेत 'इन' प्रत्यय लागला की स्त्रीलिंग होतं. पात्रो म्हणजे बाप, पात्रिनो म्हणजे आई. आपण पाटलाची पाटलीण करतो, तसंच. म्हणजे एद्झोवरून एद्झिनो, बायको, हा शब्द आला असणार, असं कुणालाही वाटेल. घडलं नेमकं उलट.

भाषा रचणाऱ्या झामेनहॉफ यांनी स्वतःच दिलेला उलगडा असा, की मुळात जर्मन शब्द होता 'क्रोनप्रिन्त्सेसिन', युवराजाची बायको. कागदावर तोडून बघा: क्रोन-प्रिन्त्स-एसिन. युवराज बाजूला काढला की 'एसिन' एवढं शेपूट उरतं. जर्मनमध्ये त्याला सुटा असा काहीच अर्थ नाही. झामेनहॉफ यांनी त्यालाच 'बायको' मानलं, त्याचं एद्झिनो झालं, आणि मग त्यातला 'इन' काढून टाकल्यावर नवरा हाती लागला! मला हे फार सुंदर वाटतं. शब्द असाच तर जन्मतो, कुणाच्या तरी कानाने चुकीच्या जागी तोडल्यामुळे.

अभ्यासक आणखी एका शब्दाकडे बोट दाखवतात: यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला 'रेबेत्सिन', रब्बीची म्हणजे ज्यू धर्मगुरूची बायको. मला यात तथ्य वाटतं. झामेनहॉफ 1859 साली आताच्या पोलंडमधल्या बियालिस्टोक गावी ज्यू घरात जन्मले. यिडिश त्यांच्या कानावरची भाषा, तिचं व्याकरणही त्यांनी लिहिलं होतं. 'मास्तरीण' ऐकल्यावर आपल्याला जे आपोआप कळतं, ते त्यांना 'रेबेत्सिन'मधून लहानपणापासून कळत असणार.

1905 साली निघालेल्या 'फुंदामेंतो' या एस्पेरांतोच्या पायाभूत ग्रंथात 'एद्झ' धातूपुढे पाच भाषांत अर्थ दिलाय: फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन, पोलिश. मारी, हजबंड, गेमाल, मूझ, मावझोनेक. मी एकेक शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. एकातही 'एद्झ' ऐकू येत नाही. यिडिश त्या पाचांत नाही.