तुम्ही विचारलंत म्हणून: ती दहाची नोट खोटी नाही

माझा नोटांचा अल्बम चाळताना माणसं एका पानावर हमखास थबकतात. तिथे सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली दहा रुपयांची नोट आहे. वर ठसठशीत 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया', आणि जलचिन्हाच्या पांढऱ्या जागेत वरती इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान', खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. मग प्रश्न ठरलेला: "अहो, ही खोटी तर नाही ना? पाकिस्तानच्या नोटेवर आपली बँक कशी?"

नोट खरी आहे. आणि छापली कुठे, तर आमच्या नाशिकरोडला.

१४ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तान झाला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती, नोटा छापणारा कारखाना नव्हता. नाणी पाडायला लाहोरची टांकसाळ होती, पण नोटांचं काय? नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसला तेव्हा नोटा छापून वीसेक वर्षं होत आली होती. फाळणीत टेबलखुर्च्यांपासून सगळ्याची वाटणी झाली, पण छापखाना काही अर्धा कापता येत नाही. म्हणून ठरलं की ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं चलन सांभाळेल. सुरुवातीला पाकिस्तानात आपल्याच साध्या नोटा चालल्या. १ एप्रिल १९४८ पासून ही दोन ओळी जास्तीच्या असलेली नोट तिकडे निघाली. एक, दोन, पाच, दहा आणि शंभर अशा पाच किमतींत. ती भारतात चालत नसे.

माझ्या नोटेवर सही आहे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर सी. डी. देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले आपले चिंतामणराव, पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडणारे. "धारकास दहा रुपये देण्याचे वचन देतो" हे कराचीतल्या दुकानदाराला सांगणारा माणूस रायगडचा! मला या नोटेत सगळ्यात जास्त मजा याचीच वाटते. टपाल तिकिटांचंही तसंच झालं. पाकिस्तानची पहिली तिकिटं म्हणजे आपल्याच तिकिटांवर 'पाकिस्तान' छापलेली, आणि त्यातली नाशिकला छापलेली कुठली आणि तिकडे स्थानिक छापखान्यात उरकलेली कुठली, यावर तिकीटवाले आजही तासन्‌तास घालवतात.

यातूनच लगेच दुसरा प्रश्न निघतो, जरा आवाज चढवून: "म्हणजे पंचावन्न कोटी दिले ते याच नोटांत का?" नाही हो. ते प्रकरण रोख शिलकीचं. अखंड हिंदुस्थानच्या शिलकीतून पाकिस्तानला ७५ कोटी द्यायचे ठरले होते. २० कोटी आधीच गेले, उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडवले, आणि गांधीजींचं उपोषण चालू असताना, १५ जानेवारी १९४८ ला, सरकारने ते सोडायचं ठरवलं. आपल्याकडे या आकड्यावर जितका घसा सुकवला गेला, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही कुणी या नोटेकडे पाहिलेलं नाही.

दोन सरकारं एकमेकांशी लढताहेत आणि दोघांची खाती एकाच बँकेत. हा संसार टिकणार कसा? मुदत तीन महिने अलीकडे ओढली गेली. ३० जूनला रिझर्व्ह बँकेचं तिकडचं काम संपलं आणि १ जुलै १९४८ ला जीनांनी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचं उद्घाटन केलं. पाकिस्तानच्या स्वतःच्या रूपाच्या पाच, दहा आणि शंभरच्या नोटा ऑक्टोबरमध्ये आल्या. त्या लंडनला छापलेल्या. जीना सप्टेंबरातच गेले होते.

पुढच्याच वर्षी दोन्ही रुपयांची खरी फारकत झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर भारताने रुपया उतरवला, पाकिस्तानने उतरवला नाही. दोन वर्षांपूर्वी एकच असलेला रुपया, आता तिकडच्या शंभराला इकडचे १४४ मोजायचे. ते मान्य करायला आपलं सरकार तयार होईना, आणि पूर्व पाकिस्तानातून इकडे येणाऱ्या तागाचा व्यापार अडला.

"किती येतील हिचे?" हेही विचारता, म्हणून सांगतो: विकायची नाही. शिवाय सावध राहा. साध्या जॉर्जच्या नोटेवर दोन ओळी उमटवून विकणारे आहेत. मीही एकदा एका प्रदर्शनात फसलो. घरी येऊन नोट उजेडात धरली तर अक्षरांची शाई पसरून मागच्या बाजूला फुटलेली. ती अल्बमच्या शेवटच्या पानावर ठेवली आहे, स्वतःला दाखवायला.

माझे चुलत आजोबा त्या काळात प्रेसमध्ये होते. शाळेत असताना मी त्यांना मोठ्या उत्सुकतेने विचारलं होतं की पाकिस्तानच्या नोटा छापताना काय वाटायचं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "वाटायचं काय? मोजणी जुळली की घरी सोडायचे."