उत्तर जपान रेल्वेने : कुटुंबासाठी गोनो लाइनचा दिवस

तोहोकूत, म्हणजे जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागात, शिंकानसेनचा (बुलेट ट्रेनचा) भाग सोपा असतो. खरी आखणी लागते ती अकिता ते आओमोरी या किनाऱ्याच्या टप्प्याला. मुलं, आजी-आजोबा सोबत असतील तर सहलीतला एक पूर्ण दिवस त्याला द्या.

टोकियोहून अकिताला कोमाची ही शिंकानसेन जाते, साधारण चार तासांत. मोरिओकापर्यंत बहुतेक कोमाची हायाबुसा या दुसऱ्या शिंकानसेनला जोडलेल्या असतात: १ ते १० डबे हायाबुसाचे, ११ ते १७ कोमाचीचे. दोन्हींच्या मध्ये आतून वाट नाही. घाईत चुकीच्या डब्यात चढलं तर मधल्या स्टेशनवर सामानासकट प्लॅटफॉर्मवरून धावावं लागतं. ओमागारीला गाडी दिशा बदलते आणि शेवटचा अर्धा तास उलटं तोंड करून बसावं लागतं. प्रवासात मळमळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

अकिताहून पुढे रिसॉर्ट शिराकामी ही पर्यटक गाडी घ्या. किनाऱ्यालगतच्या गोनो लाइनने आओमोरीला सुमारे पाच तास लागतात. सगळ्या जागा आरक्षित. साध्या डब्यात समुद्र 'ए' सीटकडे. चौघं असाल तर मात्र डबा क्रमांक २ मधली बॉक्स सीटच मागा: समोरासमोरच्या सीट ओढून सपाट करता येतात, लहान मूल आडवं होतं, आजींना पाय पसरता येतात. आरक्षण महिनाभर आधी जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. सुट्टीच्या दिवसांत बॉक्स लगेच संपतात. सहा वर्षांखालच्या मुलाला मांडीवर तिकीट लागत नाही, पण पाच तास मांडीवर कोण घेणार? मुलांच्या दराने स्वतंत्र जागा घ्याच.

काही फेऱ्या सेंजोजिकीला सुमारे पंधरा मिनिटं थांबतात. १७९२च्या भूकंपात वर आलेला हा खडकाळ किनारा स्टेशनसमोरच आहे. खडक ओले नि निसरडे असतात, म्हणून ज्येष्ठांनी कडेनेच बघावं. गाडी चुकवू नका. या मार्गावर पुढची गाडी यायला कधी कधी तीन-तीन तास लागतात.

रूळ अगदी समुद्रालगत असल्याने हिवाळ्यात वारा आणि लाटांमुळे गाड्या रद्द होतात. शिवाय तेव्हा फेऱ्याही मोजक्याच दिवशी असतात. अशा वेळी ओउ मेन लाइनच्या त्सुगारू एक्स्प्रेसने हिरोसाकीमार्गे आओमोरी गाठा, अडीच-पावणेतीन तास. गाडीचा असा भरवसा नसतो, म्हणून त्याच संध्याकाळी शिन-आओमोरीहून हाकोदातेकडे जाणारी शिंकानसेन ठेवू नका. आओमोरीत मुक्काम करा.

मोठ्या बॅगा अकिताच्या हॉटेलातून ताक्क्यूबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने पुढे पाठवा. त्या सहसा दुसऱ्या दिवशी पोचतात, बर्फात उशीरही होतो. एका रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत असू द्यात.

शाकाहारींनी स्टेशनवर मिळणाऱ्या एकिबेनवर (जेवणाच्या डब्यांवर) विसंबू नये. भाज्याही बहुधा माशाच्या दाशीत (अर्कात) शिजवलेल्या असतात. त्यातल्या त्यात उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, बरी, पण घटक वाचून घ्या. घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी गाडीत खायला काहीच हरकत नाही.