बेनेट जगला असता तर

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यगृहांची, एक पद्धत आहे, ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी खरंच हादरलो होतो. आत जाताना प्रत्येकाच्या हातात फुकट कार्यक्रमपुस्तिका देतात, आणि कधीकधी ती उघडली की आतून कागदाची एक पट्टी मांडीवर पडते. आज अमुक भूमिका तमुकऐवजी अमका करतोय, एवढंच त्यावर छापलेलं असतं. मला वाटलं मोठा कोणतरी नट आजारी असणार. तर नाही, दोन-चार वाक्यं असलेली भूमिका होती, आणि ती करणारा पोरगा बाकीचा सगळा वेळ मागच्या रांगेत नाचत होता. एवढ्याशा कामासाठी नाव छापून, कापून, हजारभर पुस्तिकांत घालून ठेवलेलं.

आपल्या बेळगावकडं शिवजयंतीच्या चित्ररथांवर जी पोरं मावळे होतात ती काय कमी राबतात का? नोकरी, कॉलेज सांभाळून गल्लीत तालमी, मग मिरवणुकीच्या रात्री उजाडेपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तोच प्रसंग परत परत, अंगावर तलवारीचे वळ उठतात. दुसऱ्या दिवशी पेपरात मंडळाचं नाव येतं, अध्यक्षाचं येतं, हार घालणाऱ्याचं येतं, आणि ज्यानं रात्रभर पडून मरायचं काम केलं त्याचं नाव त्याच्या आईशिवाय कुणाला माहीत नसतं.

तर ती पट्टी मांडीवर पडली त्या रात्री मी 'अ कोरस लाइन' हे कोरसवरचं, म्हणजे मागच्या रांगेत नाचणाऱ्यांवरचं नाटक आणि ते घडवणारा मायकल बेनेट या माणसाबद्दल वाचत बसलो, आणि तो आणखी जगला असता तर काय झालं असतं हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. गावाकडं फोनवर काकांना उत्साहानं सांगायला गेलो तर ते म्हणाले, "नाच बघायला एवढं पैसं घालवलास काय रे? हितं फुकटात बघत हुतास की." काका प्रेमानंच बोलतात, पण मला ते लागलं, कारण इथं परदेशातल्या आपल्या मराठी लोकांतही हेच ऐकायला मिळतं. नाटक म्हणजे शब्द, फार तर गाणं, आणि नाच म्हणजे मधली करमणूक. तसं नव्हे, हे सांगायलाच हे सगळं लिहितोय.

बेनेट 1943 साली बफेलो शहरात जन्मला आणि 1987 च्या जुलैमध्ये एड्सनं गेला, वय 44. सुरुवात त्यानं स्वतः कोरसमध्ये नाचूनच केली. मग तो नृत्यदिग्दर्शक झाला, मग दिग्दर्शक. 1974 च्या जानेवारीत एका रात्री प्रयोग संपल्यावर काही डान्सर एका खोलीत जमले, टेपरेकॉर्डर चालू ठेवला, आणि नाचायला का लागलो, घरी काय होतं, लाज कशाची वाटली, गुडघा गेला तर पुढं काय करायचं हे एकमेकांना सांगत बसले. उजाडलं तरी बोलणं चालूच. त्या टेपांतून ते नाटक उभं राहिलं, कित्येक महिने वर्कशॉप करून, म्हणजे संहिता हातात घेऊन तालीम नाही तर तालमीतूनच संहिता. आज अमेरिकेत बहुतेक मोठी म्युझिकल वर्कशॉपमधून जातात, त्याची वाट या माणसानं पाडली.

गोष्ट काय, तर ऑडिशन. रंगमंचावर एक पांढरी रेघ, तिच्यावर 17 जण उभे, कामं फक्त 8. मागं आरसे. दुसरं काही नाही. ना राजवाडा, ना रस्ता, ना घर. अंधारातून दिग्दर्शकाचा आवाज येतो आणि एकेक जण पुढं येऊन स्वतःबद्दल सांगतो. दोन तास तुम्ही त्यांना ओळखायला शिकता, ही चिडकी, हा घाबरलेला, ही एकेकाळी मोठी होणार होती आणि आता मागच्या रांगेत जागा मागायला आलीय. आणि शेवटी सगळे सोनेरी कपड्यांत, डोक्यावर तसलीच टोपी, एकाच पावलावर, एकाच कोनात मान वळवून नाचत येतात, आणि तुम्ही मघाच्या त्या बाईला शोधायला लागता आणि ती सापडत नाही. सगळे एकसारखे! जिच्या आयुष्यासाठी दहा मिनिटांपूर्वी डोळे पुसले ती त्या ओळीत कुठं आहे तेच कळत नाही. शेवटी पुढं येऊन एकेकट्यानं वाकून टाळ्या घेणंही बेनेटनं ठेवलं नाही, तो नाच हाच निरोप. हे शब्दांत सांगायला गेलात तर भाषण होईल, गाण्यात सांगायला गेलात तर रडगाणं होईल, नाचात सांगितलं म्हणून ते अंगावर येतं. माझ्या मते नाच काय करू शकतो याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही, काका.

नाटक 1975 ला आलं, पुढच्या वर्षी पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला, 1990 पर्यंत 6,137 प्रयोग झाले. 1983 च्या सप्टेंबरमध्ये ब्रॉडवेवर सगळ्यात जास्त चाललेलं नाटक ठरलं तेव्हा बेनेटनं जगभर या नाटकात काम केलेले 300 हून जास्त कलाकार बोलावून एकाच प्रयोगात नाचवले. मोठेपणा साजरा कसा करायचा तर असा, कोरसला बोलावून.

आणि मग 1987 ला तो गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्यासारखाच नाचातून दिग्दर्शक झालेला बॉब फॉसी गेला. त्याआधी 1980 ला त्याच वाटेचा गॉवर चॅम्पियन तर स्वतःच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगादिवशीच गेला, ती बातमी निर्मात्यानं पडदा पडताना रंगमंचावरून सांगितली. म्हणजे नाचातून नाटक उभं करणारी ती पिढी सात वर्षांत संपली, आणि एड्सनं तर किती तरुण डान्सर नेले. त्यांनी पुढं काय केलं असतं हे कुठल्या पुस्तकात छापून येणार?

आता बघा नेमकं काय झालं. 1987 च्या मार्चमध्ये लंडनचं 'ले मिझराब्ल' न्यूयॉर्कला आलं, 1988 च्या जानेवारीत 'फँटम ऑफ द ऑपेरा' आलं, 1991 ला 'मिस सायगॉन'. फिरता रंगमंच, कोसळणारं झुंबर, उतरणारं हेलिकॉप्टर. मी या नाटकांना नावं ठेवत नाही, 'ले मिझराब्ल' बघून मीही रडलोय. पण पैसा कुठं गेला? नेपथ्यात गेला. बाहेर पडणारा माणूस झुंबराबद्दल बोलत बाहेर पडायला लागला. बेनेट नुसता जिवंत असता तरी निर्मात्यांपुढं दुसरा पर्याय राहिला असता, एवढं तरी मी छातीठोकपणे म्हणतो. त्याचं नाणं खणखणीत होतं, त्याच्यावर पैसे लावायला लोक तयार होते. आणि नशीब बघा, त्याचा कामातला जुना सोबती बॉब एव्हियन, तोच 'मिस सायगॉन'च्या नाचांचं बघायला गेला. कामं तिकडंच होती.

पण बेनेट यंत्रांच्या विरोधात होता असं कुणी समजू नका. 1981 च्या 'ड्रीमगर्ल्स'मध्ये त्यानं दिव्यांचे मोठे मनोरे रंगमंचावर फिरवले, आणि ते असे की मनोरेच नाचतायत वाटावं. 'अ कोरस लाइन'मध्ये ब्रॉडवेवर पहिल्यांदा प्रकाशयोजना कॉम्प्युटरवरून चालली, थॅरन मसर नावाच्या बाईनं ती केली. 'चेस' या लंडनच्या नाटकासाठी त्यानं टीव्हीच्या पडद्यांची भिंत ठरवली होती, 1986 च्या सुरुवातीला हृदयाचा त्रास आहे असं सांगून तो बाजूला झाला आणि दुसऱ्या दिग्दर्शकानं ते पुरं केलं. आज सगळीकडं रंगमंचावर व्हिडिओ असतो, बहुतेक वेळा सुंदर वॉलपेपरसारखा मागं पडून असतो. बेनेटनं त्याला पावलं मोजायला लावली असती. यंत्र कितीही मोठं आणा, ते डान्सरच्या ठेक्यावर चाललं पाहिजे, फरक पडला असता तो इथं.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण हे वाचताना मला सारखं आपलंच आठवत होतं. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे. बेळगाव जिल्ह्यातलेच, पण आपल्या पोरांना किर्लोस्कर म्हटलं की पंप आठवतो. अण्णासाहेब जन्मले 1843 साली, बेनेटच्या बरोबर 100 वर्षं आधी. 1880 ला 'शाकुंतल', 1882 ला 'सौभद्र', आणि 1885 ला 'रामराज्यवियोग' अर्धवट टाकून गेले, वय 42. इनमीन पाच वर्षांत या माणसानं मराठी संगीत नाटक उभं केलं आणि गेला. ब्रॉडवेचं कौतुक करताना मला कुणी न्यूनगंड शिकवू नये, आपल्याकडं हे सगळं आधीच घडलेलं आहे, आणि ते बेळगावच्या मातीतल्या माणसाकडून. पुण्यात प्रयोग झाला म्हणून पुणेकर ते स्वतःचं समजतात ते सोडा.

पण मग त्यांच्यामागं काय झालं? देवलांनी 'शारदा' दिलं, ते थोरच. पुढं बालगंधर्व आले, 1913 ला गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि गाणं वाढत गेलं, एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, पहाट व्हायची. मी त्या गाण्यावरच वाढलोय, आजीच्या रेडिओवर ऐकत. तरीही म्हणतो, तिकडं झुंबरासाठी नाटक थांबायला लागलं तसं आपल्याकडं गाण्यासाठी थांबायला लागलं. पदं राहिली, चाली राहिल्या, नटानं कसं वावरायचं ते राहिलं नाही. उलट बेनेटची पावलं बघा, पहिल्या संचात नाचलेल्या बेयॉर्क ली या बाईनं ती पुढची कित्येक दशकं गावोगावच्या नव्या पोरांच्या अंगात जशीच्या तशी उतरवली. मनगट कुठल्या मात्रेला वळायचं इथपर्यंत. आपल्याकडं घराणी गळ्याची झाली, पायाची झाली असती तर?

आणि पाय आपल्याकडं नव्हते असं नाही हो. गोकाककडच्या कुलगोडचं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य ज्यांनी रात्रभर बसून बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. गाणं म्हणायचं, मधल्या ठेक्यावर पावलं टाकत फिरायचं, परत बोलायचं, सगळं एकात एक. त्यातली मोठी कलावंत कौजलगी निंगम्मानं ते कुठल्या कुठं नेलं. अण्णासाहेबांनी कर्नाटकी चाली बिनदिक्कत मराठी पदांना लावल्या, त्यांना कन्नड-मराठी असा वाद पडला नव्हता. आणखी वीस वर्षं मिळाली असती तर चालींच्या मागोमाग ती पावलंही त्यांनी मराठी रंगभूमीवर आणली असती असं मला मनापासून वाटतं. आपण सीमाभागातले लोक दोन्हीकडून ऐकून घेतो, तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. पण हे असलं काम दोन्हीकडचं येणाऱ्यालाच जमतं, पुण्यात बसून पारिजात कुणाला दिसणार होतं? आणि इथं लांब येऊन राहिल्यामुळंच मला हे दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं, त्यामुळं गाव सोडून गेला आणि आता गोडवे गातो म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच.

बेनेटबद्दल एक गोष्ट मात्र माझ्या मनात साफ बसत नाही. त्या टेपवर बोललेल्या डान्सरांनी आपल्या गोष्टींचे हक्क 1 डॉलरला लिहून दिले होते. नाटक चालल्यावर त्यानं आपल्या मिळकतीतला वाटा त्यांना दिला हे खरं, पण कागद आधी 1 डॉलरचाच होता, आणि ज्यांच्या आयुष्यातून हे सगळं निघालं त्यातल्या काहींच्या मनात ते शेवटपर्यंत राहिलं. पुढं 2016 ला 'हॅमिल्टन' या गाजलेल्या म्युझिकलच्या मूळ संचाला नफ्यात वाटा द्यावा लागला, तेही नाटक 'अ कोरस लाइन' जिथं घडलं त्याच न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमधून वर्कशॉप करत आलेलं, आणि त्यातही कोरस जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर. 2019 च्या जानेवारीत नटांच्या युनियननं अशा वर्कशॉपवर बहिष्कारच घातला, नाटक आमच्यावर घडवता तर नफ्यात हिस्सा द्या, आणि महिन्याभरात निर्मात्यांना मान्य करावं लागलं.

बेनेट तेव्हा 75 चा असता. मॅनहॅटनमधली 890 ब्रॉडवे ही अख्खी इमारत तालमींसाठी विकत घेतलेला माणूस, म्हणजे निर्मात्यांच्याच बाकावर बसला असता असं माझा ऑफिसातला दोस्त म्हणतो. मला नाही पटत. तो पाच मिनिटं कुरकुरला असता, आणि मग सगळ्यात आधी सही त्यानंच केली असती, कारण त्या रेघेवर उभं राहून काम मागायला कसं वाटतं हे त्या खोलीत त्याच्याएवढं दुसऱ्या कुणाला माहीत नसतं.