रिकॉल झाला, तरी ब्रेक लाइट बंदच

आज परत मागचा ब्रेक लाइट गेला. रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या तेव्हा, नेमकं हेच काम करून मिळालं होतं! मेकॅनिकने बल्बचा होल्डर उघडून दाखवला. अर्थिंगची पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. पिन सैल बसली की तिथे रोध वाढतो, कनेक्शन तापतं, मग नवा बल्ब घालूनही उपयोग नाही. कनेक्टरच बदलायला हवा. सर्व्हिस सेंटरवाले मात्र दरवेळी 'बल्ब बदलला' एवढंच लिहून मोकळे होतात. याचाच संताप येतो. मागच्या गाडीवाल्याला माझा ब्रेक दिसलाच नाही तर? यावेळी फोटो काढलेत आणि जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) 'रिकॉलनंतर तोच दोष' असं लिहून घेतलंय. तुमचीही गाडी रिकॉलमधून आली असेल तर कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघा; प्रत्येक गाडीचा डॅशबोर्ड हे सांगत नाही.