उभ्याने

मावशीचं वय चौऱ्याहत्तर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इटलीतल्या तोरिनो (ट्युरिन) शहरात आमच्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "बसायचं कुठे?"

खरं तर 'बार' ही पाटी वाचून ती आधी दारातच थबकली होती. इथे बार म्हणजे सकाळपासून कॉफी पाजणारं दुकान, हे तिला पटवण्यात पाच मिनिटं गेली होती. त्यात आता हे.

"बसायचं नाही मावशी. इथे कॉफी उभ्यानेच पितात."

"उभ्याने? आईने ऐकलं असतं तर!"

आई म्हणजे माझी आजी. आजीच्या राज्यात उभ्याने पाणी प्यायची सोय नव्हती, गुडघे जातात म्हणून. शाळेतून धावत येऊन माठाकडे हात गेला की आतून आवाज यायचाच, "आधी बूड टेक." दुधावर मासे नकोत, उन्हातून आल्याबरोबर गार पाणी नको, ओल्या केसांनी वाऱ्याला उभं राहू नको. हे सगळे नियम मी मन लावून मोडले. आणि आता सहा वर्षं इटलीत काढल्यावर माझी मजल कुठवर गेली आहे, तर अकरा वाजून गेले की मी कापुचिनो मागत नाही.

मागितला तर देतात. पण काउंटरमागचा माणूस एकदा बघतो. पहिल्या वर्षी मी दुपारच्या जेवणावर मागितला होता. "जेवलात ना?" त्याने काळजीने विचारलं. दूध जड, जेवणावर घेतलं की पोटात तसंच बसून राहतं, ही इथली पक्की समजूत. मानेला वारा लागला की माणूस आजारी पडतो, हीसुद्धा. आजीचं आणि त्याचं छान जमलं असतं.

मावशीसाठी काफे सांगितली. नुसतं काफे म्हटलं की एस्प्रेसोच येते. (आपल्याकडच्या सवयीने 'लात्ते' मागाल तर पेलाभर दूध समोर येईल. मी आणवलं आहे.) इवलासा कप, त्यात दोन घोट, खाली बशी. मावशीने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने कॉफी बशीत ओतली. बशीच्या मधल्या खळग्यापुरतीच ती निघाली. काउंटरमागच्या पोराने काही न बोलता पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"संपली?" मावशी म्हणाली.

आमच्या घरी कॉफी अशी संपत नसे. मुळात ती सुरूच सावकाश व्हायची. चहा रोजचा, कॉफी निमित्ताची. एकादशीला, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला, नाहीतर थर्मासमधून दवाखान्यात. उकळत्या दुधात कॉफीची वडी पडायची, तपकिरी रेघा सोडत विरघळायची आणि आजी वरून जायफळ किसायची. तेच जायफळ ती बाळाच्या गुटीत उगाळायची, झोप लागावी म्हणून. जागं राहायला कॉफी आणि तिच्यात झोपेचं जायफळ! दहावीला भूगोलाच्या आदल्या रात्री ती कपभर पिऊन मी पुस्तकावर डोकं ठेवून सकाळपर्यंत झोपले होते.

इथली घाई मात्र जुनी, आणि ह्याच गावची. १८८४ च्या तोरिनोच्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो नावाच्या हॉटेलवाल्याने वाफेच्या दाबावर कॉफी करणारं यंत्र मांडलं. गिऱ्हाइकं ताटकळत होती ना! १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेराने एकेक कप काढून देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. कॉफी झटपट व्हायला लागली, मग माणसं बसतील कशाला. आमच्या कोपऱ्यावर उभ्याने प्यायली तर १ युरो ३० सेंट, टेबलाशी बसलात तर जवळजवळ दुप्पट. वेनिसला १७२० पासूनचं फ्लोरियान नावाचं कॉफीघर आहे, तिथे बाहेर चौकात बसलं आणि वाद्यवृंद वाजत असला तर त्या संगीताचेही पैसे बिलात लागतात.

"म्हणजे गुडघे वाचवायचे पैसे," मावशी म्हणाली. तिचा हिशेब पक्का.

घरी आल्यावर, तिची तहान काही भागली नव्हती म्हणून, मोका चढवला. आल्फोन्सो बियालेत्तीने १९३३ मध्ये काढलेलं हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं इथे घराघरात असतं. खाली पाणी, मध्ये पूड, आणि गुरगुर सुरू झाली की गॅस बंद. ह्याला साबण लावायचा नाही, असं मी सांगायच्या आतच मावशी म्हणाली, "घावनांच्या बिडासारखं." मी खुशीत येऊन पुढची गोष्ट सांगितली. बियालेत्तीचा मुलगा रेनातो, ज्याने हा मोका जगभर पोचवला, तो २०१६ मध्ये गेला तेव्हा त्याची राख एका मोठ्या मोकात भरून चर्चमध्ये आणली होती.

"राख? कॉफीच्या भांड्यात?" मावशी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नंतर त्याला तरी साबण लावला नसेल ना?"

तिला दूध-साखर घालून मोठा कप भरून दिला. ती खुर्चीत नीट टेकून बसली, फुंकर घातली. मी माझी सिंकपाशीच ढोसत होते.

"तूही उभ्यानेच?"

"सवय झाली आता."

"आईसारखी."

"आजी? आजी तर आम्हाला उभ्याने पाणीसुद्धा पिऊ..."

"तुम्हाला. तिला मी बसून चहा पिताना एकदाही बघितलं नाही. सगळ्यांचं झालं की ओट्याशी, पातेल्यात उरलेला. तोही गार."

मी आठवायला लागले. माठ आठवला. ती हाक आठवली. किसणीवरून फिरणारं जायफळ, वासासकट. कप हातात घेऊन बसलेली आजी काही आठवेना.

शेवटी शेवटी तिचे गुडघे पार गेले होते, एवढं आठवतं.