एक्स१००एफ बदलून एक्स१००व्हीआय घ्यावा का? माझा अनुभव

फुजीफिल्मचा एक्स१००एफ हा कॅमेरा मी २०१७ साली घेतला. तेव्हापासून वारी, गावोगावच्या जत्रा, देवळातली कीर्तनं, सगळं त्याच्यावरच टिपत आले. फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, झूम नाही, ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही तऱ्हांनी चालणारा व्ह्यूफाइंडर, आणि दिवसभर खांद्याला अडकवून चाललं तरी ओझं वाटू नये इतकंच वजन. २० फेब्रुवारी २०२४ ला टोकियोत एक्स१००व्हीआय जाहीर झाला आणि बदलावा का, हा प्रश्न समोर आला. त्याचं उत्तर मला थोड्याच दिवसांत मिळालं. कॅमेरा हातात पडेपर्यंत एका दुकानाने जो छळ मांडला, तो मात्र अजून डोक्यातून गेलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कागदावरचा फरक मोठा आहे. एफमध्ये २४ मेगापिक्सेल, नव्यात ४०. नव्यात सेन्सरच हलवून हात थरथरण्याची भरपाई करणारं स्टॅबिलायझेशन आहे, कंपनीच्या मोजणीप्रमाणे सहा स्टॉपपर्यंत (दर स्टॉपमागे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं). मागचा स्क्रीन वर-खाली उचलता येतो. वजन ४६९ ग्रॅमवरून ५२१ वर गेलं आहे. किंमत भारतात २०२४ मध्ये एक लाख साठ हजारांच्या आसपास होती. एवढे पैसे घालायचे तर दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून ठरवणं मला पटेना. माझ्याकडे माझेच सात वर्षांचे फोटो होते.

लाइटरूम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी फिल्टर उघडून मी शटर स्पीड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) अशी वर्गवारी लावली. लाइटरूम नसेल तर डिजीकॅम फुकट मिळतं, त्यातही हे करता येतं. १/६० सेकंदापेक्षा कमी वेगाने काढलेले सगळे फोटो बाजूला काढले आणि त्यातले बिघडलेले कशामुळे बिघडले ते एकेक मोठं करून पाहिलं. दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात. सगळी चौकट एकाच दिशेला फराटलेली असेल तर हात हलला आहे. खांब स्वच्छ आणि टाळकऱ्याचे हात पुसट असतील तर तो हलला आहे, आणि तिथे कुठलंही स्टॅबिलायझेशन उपयोगाचं नाही. माझे बहुतेक बिघडलेले फोटो दुसऱ्या प्रकारचे निघाले. म्हणजे ज्या गोष्टीची सर्वाधिक जाहिरात चालली होती, तिच्यासाठी मला एक रुपयाही खर्च करायचं कारण नव्हतं. रिकामा सभामंडप, समया, रात्रीचे वाडे असं काढणाऱ्यांचं उत्तर याच्या उलट येईल.

मेगापिक्सेलचं गणित सरळ आहे. ३५ची चौकट कापून ५०ची केली की क्षेत्रफळ जवळपास निम्मं होतं. एफच्या २४ मधून १२ उरतात, व्हीआयच्या ४० मधून २० च्या जवळपास. दिंडीत मागे सरकायला जागा असते, पुढे घुसायला नसते, त्यामुळे हे कापणं मला सतत करावं लागतं. हा मुद्दा मी नव्याच्या बाजूने धरला, पण तेवढ्यावर कॅमेरा बदलला नसता.

बदलायचं ठरलं ते लेन्समुळे आणि पावसामुळे. एफची लेन्स दोन-तीन फुटांवरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं म्हणजे २ वर ठेवून वापरली की चेहऱ्यावर दुधाळ पडदा आल्यासारखं दिसतं. ४ वर नेली की लख्ख होते. मी म्हाताऱ्या माळकरी बायकांचे चेहरे जवळून काढते, तेही पालाच्या आत, अंधारात. तिथे ४ परवडत नाही, कारण प्रकाश कमी आत येतो. ही लेन्स कंपनीने २०२० साली मधल्या मॉडेलसाठी, एक्स१००व्हीसाठी, नव्याने आखली आणि तीच व्हीआयमध्ये आहे. त्यामुळे व्हीआय कुठे बघायला मिळत नसेल तर कुणाकडचा व्ही तासभर मागून घ्या, लेन्सचा निकाल तिथेच लागतो. मी ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून घेतला, खिडकीजवळ आईला बसवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी २ वर फोटो काढले. आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या व्हीमध्ये जशा उमटल्या, तशा एफमध्ये सात वर्षांत कधी आल्या नव्हत्या. पाऊस तर सांगायलाच नको. ज्येष्ठ-आषाढात दिवेघाट चढताना एफ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा लागायचा, आणि पिशवीतून काढेपर्यंत समोरचं दृश्य निघून गेलेलं असायचं. व्हीआयला पावसापासून बंदिस्ती करता येते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. व्हीआय डब्यातून काढल्याबरोबर पावसाला तयार नसतो. लेन्सच्या पुढच्या बाजूला अ‍ॅडॅप्टर रिंग आणि तिच्यावर ४९ मिलिमीटरचा प्रोटेक्टर फिल्टर लावल्यावरच बंदिस्ती पूर्ण होते. या दोन्ही वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतात.

मार्चमध्ये पुण्यातल्या एका दुकानात नाव नोंदवलं. अनामत म्हणून दहा हजार घेतले, साध्या कागदावर पावती दिली. "मॅडम, दोन-तीन आठवडे. पुढच्या लॉटमध्ये तुमचा नंबर." नंबर कितवा, हे विचारलं तर "वरचाच आहे" एवढंच. मी दर आठवड्याला फोन करत राहिले. एप्रिलमध्ये लॉट आला नव्हता. मेमध्ये आला होता पण "आधीच्या बुकिंगला गेला". जूनमध्ये फोन उचलणारा मुलगाच बदलला आणि त्याला माझं नाव यादीत सापडेना, पावतीचा फोटो पाठवल्यावर सापडलं. त्याच सुमारास ओळखीच्या एका मुलाने, माझ्यानंतर कितीतरी दिवसांनी चौकशी करून, त्याच दुकानातून तोच कॅमेरा नेल्याचं कळलं. मी विचारलं तेव्हा "त्यांनी किट घेतलं" असं उत्तर आलं. हे किट काय प्रकार आहे ते मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

वारी आली आणि गेली. १७ जुलैची आषाढी मी एफ आणि प्लास्टिकच्या पिशवीवरच काढली. या काळात मन सारखं मागे यायचं. सात वर्षं चाललंच ना, मग आता हट्ट कशाला, असं वाटायचं. जगभर या कॅमेऱ्याचा तुटवडा होता हे मला माहीत होतं, आणि माल नसेल तर दुकानदार तरी काय करणार, हेही मी समजून घेत होते. म्हणून तर पुढचा प्रकार जास्त लागला.

ऑगस्टमध्ये फोन आला, कॅमेरा आला आहे, या. मी बँकेतून पैसे हलवून गेले. काउंटरवर माझ्यासमोर डबा ठेवला आणि शेजारी एक पिशवी, एक ट्रायपॉड, एक मेमरी कार्ड, एक लेन्स पुसायचा संच आणि कुठल्याशा कंपनीचा यूव्ही फिल्टर मांडला. एकूण रक्कम छापील किमतीपेक्षा चौदा हजारांनी जास्त. यातलं मला काही नको होतं. मला हवी होती ती रिंग, आणि ती त्या ढिगात नव्हती! फिल्टर होता, पण तो बसवायला रिंगच नाही. मी म्हटलं, फक्त कॅमेऱ्याचं बिल करा. "मॅडम, किटशिवाय नाही देता येणार, वरूनच असं आलंय." वरून म्हणजे कुठून, ते लिहून द्या म्हटलं. लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. मालक आतल्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला नको असेल तर मागे रांग लागलीय." पाच महिने माझे दहा हजार वापरून वर हे ऐकवलं.

मी तिथे आवाज चढवला नाही, पण उठलेही नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे पाकिटबंद वस्तूंच्या (पॅकेज्ड कमॉडिटीज) २०११च्या नियमांत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच जास्तीचे पैसे कॅमेऱ्याच्या नावावर न घेता पिशवी-ट्रायपॉडच्या नावावर घेतात. पण एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, ही अट घालणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस' (ग्राहकावर बंधन घालणारी व्यापारी पद्धत) म्हणून धरलेलं आहे. हे मी शांतपणे सांगितलं आणि अनामत परत मागितली. मालकांचा सूर जरा उतरला, पण कॅमेरा किटशिवाय मिळाला नाही. अनामत "अकाउंटंट आल्यावर" मिळणार होती.

ती लगेच मिळाली नाही. आज उद्या चाललं. शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदवून घेतात, क्रमांक देतात आणि समोरच्या पक्षाकडे पाठवतात. तो न्यायालयाचा निकाल नव्हे, पण तक्रारीचा क्रमांक मी दुकानाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि दोन दिवसांत दहा हजार खात्यात आले. सोबत ना दिलगिरी, ना एक शब्द. ज्यांची अनामत अशी अडकली आहे त्यांनी पावती, फोनच्या तारखा आणि किटच्या कोटेशनचा फोटो जपून ठेवा. तोंडी काही टिकत नाही. आणि अनामत रोखीने देऊ नका, मी यूपीआयने दिली होती म्हणून तारीख आणि रक्कम यावर वाद झाला नाही.

मधल्या काळात मुंबईत फोर्टातही विचारणा केली. तिथे बाहेरून आणलेला, भारतातली वॉरंटी नसलेला नग लगेच देतो म्हणणारे भेटले. मी घेतला नाही. एवढ्या किमतीची वस्तू जीएसटी बिल आणि कंपनीच्या वॉरंटीशिवाय घेण्यात मला अर्थ वाटत नाही. उद्या सेन्सर बिघडला तर जायचं कुणाकडे?

दिवाळीच्या आधी नाशिकच्या एका विक्रेत्याकडे छापील किमतीत, काहीही न चिकटवता, पूर्ण बिलासह कॅमेरा मिळाला. त्यांनी अनामत घेतलीच नव्हती, नाव लिहून घेतलं आणि आला तेव्हा फोन केला. म्हणजे सरळ व्यवहार करता येतो. ज्यांना करायचा असतो ते करतात.

वापरातलं थोडं. बॅटरी दोन्हींची एकच, एनपी-डब्ल्यू१२६एस, त्यामुळे जुन्या जादा बॅटऱ्या कामी आल्या. एफची वाइड आणि टेली कन्व्हर्जन लेन्स (मूळ लेन्सपुढे लावायची जोड-लेन्स) दुसऱ्या आवृत्तीची असेल तर तीही चालते. चार्जिंगची पिन यूएसबी-सी झाली आहे. मागची चार दिशांची बटणं काढून टाकली आहेत, त्यांची सवय असलेल्याला पहिले काही दिवस अंगठा अडखळतो. मी व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) क्यू मेन्यूत, म्हणजे झटपट सेटिंगच्या यादीत, नेऊन ठेवला. फोकस एफपेक्षा चांगला आहे, चेहरा पटकन धरतो, पण लेन्सची मोटर काही वेगवान नाही. अंधारात ती चाचपडते, आणि रिंगणातला घोडा धरायला हा कॅमेरा घेऊ नये. रॉ फाइली (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइली) जड असतात. कॉम्प्रेशनमध्ये लॉसलेस (दर्जा न घटवता आकार कमी करणारं) निवडा, नाहीतर हार्ड डिस्क दिवाळीतल्या फराळाच्या डब्यांसारखी बघता बघता भरते.

जुना एफ दुकानात बदल्यात देऊ नका. तुटवड्यामुळे या मालिकेतल्या जुन्या कॅमेऱ्यांनाही चांगली किंमत येत होती आणि मला दुकानात त्याच्या जेमतेम निम्मी सांगितली. मी तो मूळ डबा, बिल आणि चार्जरसह फर्ग्युसनजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला विकला. सेन्सरवर धूळ आहे का ते दाखवण्यासाठी अ‍ॅपर्चर १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो तिच्यासमोरच काढला. विकत घेणाऱ्यांनीही हे मागून घ्यावं.

ज्यांच्याकडे एक्स१००व्ही आहे त्यांनी माझ्या मते थांबावं. लेन्स तीच, स्क्रीन उचलता येतो, पावसाची बंदिस्तीही त्याच रिंगने होते. हात हललेले फोटो तुमच्या वर्गवारीत खरोखर भरपूर निघाले, तरच व्हीआयचा विचार करा. एफ किंवा त्याआधीचा एक्स१००टी, एक्स१००एस असेल आणि तुम्ही माणसांचे चेहरे जवळून काढत असाल, तर बदला. त्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आणि रिंग कॅमेऱ्यासोबतच मागवा. नाशिकच्या विक्रेत्याकडे ती नव्हती, मी वेगळी मागवली आणि ती यायला इतका वेळ लागला की परतीचा पाऊस संपून गेला होता. पुढच्या वर्षीच्या पालखीला मात्र रिंग आणि फिल्टर लावूनच निघाले, आणि सासवडपर्यंत पिशवी एकदाही काढावी लागली नाही.