मनीचे टाके आणि यंदाचा ख्रिसमस

मनीचं ऑपरेशन झालंय, टाके अजून काढायचेत, त्यामुळे यंदाची सजावट तिच्या कलाने चाललीये. चमचमती झिरमिळ्यांची माळ घरात आणलीच नाही, कारण मांजराने ती गिळली की आतड्यात अडकते आणि मग परत ऑपरेशन. लिलीची फुलं तर अजिबात नकोत, अंगाला लागलेले नुसते परागकण चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते, हे प्रत्येक मांजरवाल्याला माहीत असायलाच हवं! झाड बंद खोलीत ठेवलंय, दिसलं की ही उडी मारणारच आणि टाक्यांवर ताण यायला नको. तिच्या कोपऱ्यात फक्त कागदी चांदण्या, भिंतीवर उंच चिकटवलेल्या. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेल्या शंकूसारख्या कॉलरमुळे तिला अंग चाटता येत नाही म्हणून मी कानामागे ओल्या फडक्याने हळूच पुसते, तेव्हा डोळे मिटून अशी काय घुरघुरते! लाइटच्या वायरी तेवढ्या सोफ्यामागे टेपने चिकटवायच्या राहिल्यात, त्या आज संध्याकाळी.